फीत कापेपर्यंत

त्या वर्षी आमच्या गावात पाच कोरे लॅपटॉप होते आणि मला टायपिंगच्या सरावासाठी त्यातला एक हवा होता. एवढीच गोष्ट. पण आजही ती आठवली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि आग विझल्यावर जे उरतं ते तर त्याहून वाईट. मग दिवसभर कशालाच हात लावावासा वाटत नाही.

आमचं गाव पुलगावपासून फार लांब नाही, पण एसटी सकाळी एकदा येते आणि संध्याकाळी एकदा. मधे ऑटो मिळाला तर मिळाला. वस्तीच्या टोकाला विहार आहे आणि विहाराला लागून अभ्यासिका. अभ्यासिका म्हणजे एक लांबट खोली, दोन पंखे, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक लोखंडी अलमारी. याच खोलीत बसून वस्तीतली पोरं शिकली. कोणी तलाठी झालं, कोणी बँकेत लागलं, आणि एक जण तर पार मोठ्या हुद्द्यावरचा साहेब झाला. त्याचं नाव निघालं की वस्तीतली म्हातारी माणसंसुद्धा ताठ बसतात. मलाही त्याचा अभिमान होता, अजून आहे.

मी मात्र घरीच राहिले. ब्लाउज शिवते, साड्यांना पिको-फॉल करते. बारावीनंतर पुलगावला टायपिंगच्या क्लासला जात होते. तेव्हा लोखंडी मशीन होत्या, बोटं दुखेपर्यंत बडवायच्या. मराठीचं सर्टिफिकेट मी पहिल्याच खेपेला काढलं. पुढे बाबा गेले आणि मग मायला लकवा मारला. तिची उजवी बाजू गेली. तिला उठवणं, बसवणं, भरवणं, कूस बदलून देणं, सगळं माझ्याकडे आलं. शेजारच्या वहिनीला तिच्याजवळ बसवून मी फार तर तासभर बाहेर पडू शकत होते. त्या तासात पुलगावला जाऊन क्लास करून परत येणं कोणालाही जमलं नसतं.

तरी मी नोकरीचा नाद सोडला नाही. मायच्या खाटेशेजारी शिलाई मशीन आणि मशीनवर पुस्तक, असा माझा अभ्यास चालायचा. परीक्षा देत गेले आणि नापास होत गेले. माय म्हणायची, "शिक व पोरी, शिक. माह्याकडं नको पाहू." मी तिला सांगायची, "नोकरी लागली का तुलेही संग नेतो. पंखा राह्यल, घरातच संडास राह्यल, बाई ठेवू तुह्याजवळ." ती बऱ्या बाजूच्या ओठानं हसायची. माझ्या डोक्यात ती खोली अगदी तयार होती. तिच्या खिडकीला पडदा कोणत्या कापडाचा लावायचा हेसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं. वयाच्या सवलतीची वर्षं संपत आली होती आणि ते मला रोज माहीत असायचं.

लॅपटॉप आले ते अशाच दिवसांत. साहेबानं आणि गावातून बाहेर पडलेल्या इतर काही जणांनी मिळून ते अभ्यासिकेसाठी पाठवले होते. समितीचे अध्यक्ष आमचे काका. सख्खे नव्हेत, पण वस्तीत त्यांना सगळेच काका म्हणतात. डेपोतून रिटायर झालेले. कुलूप, किल्ली आणि सही या तीन गोष्टींवर त्यांची अपार श्रद्धा. खोकी आली त्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर एक लॅपटॉप उघडून सुरू केला. पडद्यावर निळा उजेड आला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. काकांनी तो बंद केला, पुन्हा पिशवीत घातला, पिशवी खोक्यात, खोकं अलमारीत. अलमारीला कुलूप लावलं आणि कुलपावरून लाल साटीनची फीत बांधली.

"आता साहेबाच्या हातानं उद्घाटन," ते म्हणाले. "मंग वापरा."

कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही वाटलं नाही. आमच्याकडे नळाची तोटीसुद्धा नारळ-फीत केल्याशिवाय कोणी पिळत नाही. ज्यानं दिलं त्याचा मान त्याच्या हातात ठेवल्याशिवाय वस्तू आपली होत नाही, अशी आमची रीत. त्यातून वस्तीला पिढ्यानपिढ्या कोणी मान दिला नव्हता, त्यामुळे आता आपल्याच माणसाला मान द्यायची संधी आली तर ती घाईघाईत कोण उरकेल?

जयंतीला उद्घाटन ठरलं. साहेब दौऱ्यावर गेले. मग आषाढी पौर्णिमेला ठरलं, पण पावसानं रस्त्याचा असा चिखल केला की साहेबाची गाडी आत कशी येणार, म्हणून काकांनीच पुढे ढकललं. विजयादशमीला सगळी वस्ती नागपूरला गेलेली. त्यानंतर निवडणुकीची आचारसंहिता लागली. ती उठली तोवर कोणाच्या तरी लक्षात आलं की भिंतींचा रंग उडालाय, फोटोत वाईट दिसेल. रंगाचं काम निघालं. मधे वस्तीतलं एक म्हातारं माणूस वारलं, ते दिवस गेले. उन्हानं फीत फिकी पडली तेव्हा काकांनी ती सोडून नवी बांधली. लॅपटॉप आतच, फीत तेवढी ताजी.

मी विचारलं नाही असं नाही. एकदा विहारात वंदना झाल्यावर मी काकांना गाठलं.

"काका, एक तरी काढून द्या ना. इथंच बसून करतो सराव. झाला का जसाच्या तसा ठेवतो."

"अवो पोरी, उद्घाटन झाल्याबिगर कसा देऊ? उद्या साहेब म्हनतीन, मले कायले बोलावलं, तुमी तं वापरूनबी राह्यले."

"साहेबाले कोन सांगते?"

"मले तं माईत राह्यल ना," काका म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "फीत कापली का पयला लॅपटॉप तुलेच. मी ठरवून ठेवलं आहे. साहेबासमोर तू बसशीन आन् त्याहिचं नाव मराठीत टाईप करून दाखवशीन. समदे पाह्यतीन."

ते मनापासून बोलत होते. तोच तर ताप होता. वाईट माणसाशी भांडता येतं. काकांनी माझ्यासाठी त्या कार्यक्रमात एक खुर्ची राखून ठेवली होती, आणि त्या खुर्चीपायी मला वर्षभर टायपिंग करता येत नव्हतं. मी मान हलवून घरी आले.

घरी शिलाई मशीनच्या फळीवर मी कापडावर खुणा करायच्या खडूनं अक्षरं लिहिली. क्लासमधल्या लोखंडी मशीनवर ज्या जागी होती त्या जागी. आणि त्या फळीवर बोटं चालवायला लागले. माय खाटेवरून ऐकायची. ठक ठक ठक. समोर वर्तमानपत्र उघडं ठेवून मी अख्खे अग्रलेख त्या लाकडावर बडवले. खडू पुसला गेला की पुन्हा लिहायची. हात हळूहळू सुटायला लागला. डोळे मिटून अक्षर सापडायला लागलं. मला वाटलं, आपण तयार होतोय.

मग एक दिवस निकाल लागला आणि त्यात माझा नंबर होता. लिपिकाची लेखी परीक्षा मी पास झाले होते. आता फक्त कॉम्प्युटरवरची टायपिंगची चाचणी, आणि पुढच्या भरतीला माझं वय मला दारातूनच परत पाठवणार होतं. हे शेवटचं. मी मायला मिठी मारली आणि ती डाव्या हातानं माझी पाठ चोळत राहिली. आनंदानं तिला शब्द सुचत नाहीत असं मला वाटलं.

काकांनी निकाल ऐकला आणि ताबडतोब साहेबाला फोन लावला. या वेळी तारीख मिळाली, आणि ती टळली नाही.

कार्यक्रम सकाळी होता. मांडव, सतरंज्या, लाऊडस्पीकर. पोरीबाळींनी पांढऱ्या साड्या नेसलेल्या. मी पहिल्या रांगेत, मोरपंखी ब्लाउज शिवून घातलेला. साहेब आले, अगदी साधे, हसतमुख. बुद्धवंदना झाली, सत्कार झाले, भाषणं झाली. काकांनी तबकातली कात्री पुढे केली आणि साहेबानं फीत कापली. टाळ्या. काकांनी कुलूप काढलं, खोकी बाहेर आली, पाच लॅपटॉप टेबलावर ओळीनं मांडले गेले. काकांनी मला खूण केली. मी पहिल्या लॅपटॉपसमोर जाऊन बसले आणि बटण दाबलं.

काही झालं नाही.

मी पुन्हा दाबलं. दाबून धरलं. काका वाकले, त्यांनी दाबलं. दुसरा उघडला, तिसरा उघडला. कोणी म्हणालं चार्जिंग नसेल, वायर लावा. वायर लावली. एकावर बारीक दिवा लागला आणि मालवला. बाकीच्यांवर तोही नाही. एकाचं तर झाकण नीट बसेना. कीबोर्डखालची बाजू तव्यावरच्या भाकरीसारखी टम्म फुगली होती. लाऊडस्पीकरवाल्यानं तेवढ्यात गाणं लावलं होतं, ते कोणीतरी जाऊन बंद केलं.

साहेब चक्रावले. "पण हे तर तुम्ही वापरत होतात ना एवढे दिवस?" त्यांनी विचारलं.

काका म्हणाले, "नाई जी. तुमच्यासाठी ठेवले होते. तुमच्या हातानं..."

"माझ्यासाठी?" साहेब म्हणाले. "काका, मी तर खोकी पाठवली त्याच दिवसापासून पोरं अभ्यास करत असतील असं धरून होतो. मला वाटलं, फीत नुसती मानापुरती, आज बोलावलंय ते त्यांचं काम पाहायला."

काकांचा चेहरा मला अजून दिसतो. माणूस उभ्या उभ्या म्हातारा होताना मी तेव्हा पाहिला. त्यांच्या हातात ती कापलेली फीत होती आणि ती कुठे ठेवावी हे त्यांना कळत नव्हतं. साहेबांनाच त्यांची दया आली असावी. ते म्हणाले, "होईल, होईल, चार्ज झाले की होतील सुरू. बसा ताई, आपण फोटो तर घेऊ." मग सगळे माझ्यामागे उभे राहिले. फोटोवाला म्हणाला, ताई, बोटं ठेवा, टाईप करून राह्यल्यासारखं करा. मी काळ्या पडद्यासमोर बोटं ठेवली आणि हसले. तो फोटो वस्तीच्या ग्रुपवर फिरला. आठवडाभर लोक अभिनंदन करत होते. एका मामीनं तर फोन करून विचारलं, साहेबांसमोर हात थरथरला नाही का गं. मी म्हटलं, नाही, जराही नाही.

काकांनी दुसऱ्याच दिवशी लॅपटॉप पुलगावला दुरुस्तीवाल्याकडे नेले. परत आले तेव्हा दाराबाहेरच उभे राहिले.

"बॅटऱ्या गेल्या म्हनते," ते म्हणाले. "वापरल्या असत्या तं राह्यल्या असत्या. पडून पडून मेल्या. रिकाम्या झाल्यावर तशाच राह्यल्या का मंग त्या उठतच नाई म्हनते."

मी शिवत होते. पाय थांबवला नाही. मला काहीतरी कडक बोलायचं होतं, वर्षभराचं सगळं तोंडावर फेकायचं होतं. पण दारात उभा माणूस आधीच मेल्यासारखा दिसत होता. आतून मायनं विचारलं, कोन आलं व? मी सांगितलं, काका आलेत, बसत नाहीत.

बाकीचे लॅपटॉप नागपूरला पाठवायचे ठरले. एक मात्र बॅटरी काढून नुसत्या वायरवर चालायला लागला, तो काकांनी स्वतः अभ्यासिकेत मांडून दिला. आता कुलूप नाही, सही नाही, काही नाही. "तूच वापर," ते म्हणाले, "कोनं काई म्हटलं तं मले सांग." चाचणीला थोडेच दिवस राहिले होते. वहिनीच्या तासाभरात मी धावत जायची.

पहिल्या दिवशी बसले, बोटं ठेवली आणि सुरू केलं. डोळे कागदावर. एक उतारा सपाट्यानं पुरा केला आणि ऊर भरून आला. मग मान वर करून पडद्याकडे पाहिलं. तिथे भलतंच काहीतरी होतं. काही अक्षरांच्या जागा कॉम्प्युटरवर बदललेल्या होत्या. मी वर्षभर जुन्या जागा पाठ केल्या होत्या. आणि माझा हात जड झाला होता. लाकूड बडवून बडवून मला बोट रेटून दाबायची सवय लागली होती, आणि इथे बटणावर बोट जरा रेंगाळलं की तेच अक्षर ओळीनं उमटत जायचं. फळीवर चूक दिसत नव्हती, म्हणून मला वाटत होतं की चूक होत नाही. मी वर्षभर रोज, नेमानं, मन लावून चुकीचं शिकले होते. तिथेच खुर्चीत बसून मी रडले. मग डोळे पुसून पुन्हा सुरू केलं, कारण वहिनी घरी वाट पाहत होती.

बोटं शिकवता येतात, पण शिकलेलं विसरायला लावणं फार अवघड. त्यात उन्हाळा. लाईट कधी जाईल नेम नाही. वाक्याच्या मधेच पडदा काळा व्हायचा आणि लिहिलेलं सगळं जायचं. बॅटरी असती तर लाईट गेल्याचं कळलंही नसतं. मी अंधारलेल्या पडद्यासमोर लाईटची वाट पाहत बसायची आणि तास संपायचा. घरी येऊन फळीवरची अक्षरं मी ओल्या फडक्यानं घासून काढली, पण बोटांतली निघाली नाहीत.

चाचणी नागपूरला होती. वहिनी दिवसभर मायजवळ राहिली. एसी लावलेल्या हॉलमध्ये माझ्या डाव्या-उजव्या बाजूला कोवळी पोरं होती, बटणांना नुसता हात लावल्यासारखं करायची आणि ओळी पडत जायच्या. मी हात हलका ठेवायचा म्हणून ठेवला, तर वेग गेला. वेग आणला, तर अक्षरं धावत सुटली. पुसायला गेले तर वेळ गेला. घंटा झाली तेव्हा उतारा अर्धाही झाला नव्हता, आणि जो झाला होता त्यात मलाच वाचता येईल असं फार थोडं होतं. निकाल तिथेच, पडद्यावर आला. मला तो पाहायचीही गरज नव्हती.

परतीच्या गाडीत मला खिडकीजवळ जागा मिळाली. सिंदी गेलं, सेवाग्राम गेलं. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून ढीग घातलेली काळी वावरं मागे पडत होती. मी स्वतःला विचारत होते, रागवायचं तर कोणावर? साहेबानं लॅपटॉप दिले. काकांनी जपले. वस्तीनं मान राखला. प्रत्येकानं चांगलंच केलं होतं, आणि त्या सगळ्या चांगुलपणातून माझ्या हाती हे आलं होतं. तेव्हा मला जी निराशा आली ती आजवर गेलेली नाही. लोक म्हणतात, काळ जाऊ दे, कमी होईल. होत नाही, बाप्पा.

दिवेलागणीला घरी पोचले. माझा चेहरा पाहून वहिनी काही न विचारता निघून गेली. माय खाटेवरून टक लावून पाहत होती.

"काय झालं व?"

"नाई झालं, माय. आता होनारबी नाई. वय संपलं."

मी हातपाय धुतले, चूल पेटवली, वरण गरम केलं आणि तिच्यासाठी भाकर कुस्करली. बरेच दिवस तिचं जेवण कमी झालं होतं. चार घास खाऊन ती तोंड फिरवायची आणि मी म्हणायची, उन्हाळा आहे, भूक मरते. त्या संध्याकाळी तिनं सगळं खाल्लं. वाटी रिकामी झाली तेव्हा ती म्हणाली, "अजून हाय का?"

मी अजून कुस्करलं. भरवता भरवता माझं तिच्या तोंडाकडे लक्ष गेलं आणि माझा हात थांबला. बाबा गेल्यापासून मी तिचा चेहरा इतका निवांत पाहिला नव्हता. कपाळावरची आठी गेली होती. ती शिक म्हणायची ते खरं होतं, आणि मी शिकून निघून जाईन या भीतीनं तिचा घास उतरत नव्हता हेही तितकंच खरं होतं. ती नवी खोली, तो पंखा, ती ठेवलेली बाई, यातलं तिला काहीच नको होतं. तिला मी हवी होते, इथे, या खाटेशेजारी. आणि ते तिनं मला एकदाही म्हटलं नव्हतं.

तिनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं. "आता तू कुठं जात नाईस ना?"

ओरडावंसं वाटलं. वाटी भिंतीवर फेकावीशी वाटली.

"नाई जात," मी म्हटलं.

ती माझं मनगट धरूनच झोपली, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा, झोपेची गोळी न घेता.